मदत हवी आहे : सावंतवाडीच्या जुन्या स्टुडिओतले फोटो, साल आणि नावं कशी शोधायची?

मंडळी, सावंतवाडीतल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओची पेटी हाती आली आहे. साधारण २०० कृष्णधवल प्रिंट, ‘१२०’ नावाच्या रुंद फिल्मच्या निगेटिव्ह आणि १४ काचा, म्हणजे काचेवरच्या निगेटिव्ह. मोती तलावाचा काठ, चितारआळीतली खेळणी, तोंड रंगवत बसलेले दशावतारी. आणि गावातले अवलिये : एकावर एक तीन टोप्या घालणारे गृहस्थ, वहीत एसटीचे नंबर टिपणारे म्हातारबा. काही प्रिंट फ्रेमच्या काचेला चिकटल्यात, निगेटिव्हच्या एका डब्याला आंबट वास येतो, तारीख कशावरच नाही. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १
आंबट वासाचा डबा आजच बाजूला काढा. ॲसिटेट या प्लास्टिकची फिल्म कुजते तेव्हा असा वास येतो आणि ती वाफ शेजारच्या चांगल्या निगेटिव्हनाही बाधते. हवाबंद डब्यात कोंडू नका, कागदी पाकिटात ठेवा आणि सगळ्यात आधी त्याच स्कॅन करा. एकदा आकसून सुरकुतल्या की सपाट होत नाहीत.

चिकटलेल्या प्रिंट ओढू नका. कोकणातल्या दमट हवेत जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला धरतो. ओढलं की चेहरा काचेवर आणि कोरा कागद हातात. काचेसकटच स्कॅन करा, पण सीसीडी या प्रकारच्या सेन्सरच्या जाड स्कॅनरवर. पातळ, स्वस्त स्कॅनर बहुतेक सीआयएस या दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरचे असतात, त्यांना काचेपलीकडचं धूसर दिसतं. प्रिंट कृष्णधवल असली तरी स्कॅन रंगीत करा, टिफ (TIFF) फाइलमध्ये. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन थर (चॅनल) असतात : पिवळे डाग निळ्या चॅनलमध्ये उठून दिसतात, लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. ६ सेंमीच्या छोट्या प्रिंटला १२०० डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके) लावा, म्हणजे साधारण २८०० पिक्सेल मिळतात.

काचा कडेने धरा, उभ्या ठेवा. निस्तेज बाजू इमल्शनची (चित्राच्या थराची), तिला बोट लावू नका.

प्रतिसाद २
सालासाठी माणसाआधी त्याच्या मागची पाटी वाचा. पाटीवर ‘जि. सिंधुदुर्ग’ असेल तर फोटो १ मे १९८१ नंतरचा. पिनकोड दिसला तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. गाडीवर सिंधुदुर्गचा एमएच-०७ नंबर असेल तर १९८९ च्या आधीचा नाही. पण उलटं धरू नका : ‘जि. रत्नागिरी’ लिहिलेली पाटी जिल्हा बदलल्यावरही कित्येक वर्षं लटकत राहते. नवी खूण पक्की, जुनी खूण कच्ची. म्हातारबांच्या फोटोत एसटीची नंबरपाटी आली असेल तर ती मोठी करून बघाच. अक्षरं उलटी दिसली तर निगेटिव्ह पालथी पडली आहे.

प्रतिसाद ३
नावांचं काम स्कॅनिंग संपायची वाट बघत ठेवू नका, सत्तरी ओलांडलेली माणसं आधी गाठा. मोबाइलवर दाखवू नका, ८ बाय १० ची प्रिंट हातात द्या. ‘हे कोण?’ एवढंच विचारलं तर टोपणनाव मिळतं. ‘घर कुठल्या वाडीत, घरी कोण होतं, काम काय करायचे?’ असं विचारलं की नाव-आडनाव निघतं. बोलणं रेकॉर्ड करा. दोघांनी स्वतंत्रपणे तेच नाव सांगितलं तरच पक्कं धरा.

प्रिंटच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. आणि ‘येडो अमको’ असं चिडवायचं नाव नोंदवहीत राहू द्या, फोटोखाली लिहू नका. तीन टोप्यांच्या त्या गृहस्थांची नातवंडं गावात असतील, फोटो लावण्याआधी त्यांना विचारा आणि एक प्रत त्यांच्या घरी द्या.