ज्वालामुखीच्या अंगणात बर्फ: तुम्ही उतरलाय का अशा गुहेत?

गेल्या ऑगस्टात जपानला गेलो होतो, मुक्काम कावागुचिको तळ्यापाशी. फुजीने तीन दिवस ढगांची चादर काही काढली नाही. नवरा म्हणाला, "वरून दर्शन नाही, तर खालून घेऊ." म्हणून नारुसावा बर्फगुहेत उतरलो.

इ.स. ८६४ मध्ये फुजीच्या वायव्य उतारावर उद्रेक झाला. लाव्ह्याने तिथलं एक मोठं सरोवर बुजवलं. आजची सायको आणि शोजिको ही तळी म्हणजे त्याचेच उरलेले तुकडे. थिजलेल्या लाव्ह्यावर पुढे आओकिगाहाराचं जंगल उगवलं आणि त्याच्या पोटात ही गुहा. वर घामाच्या धारा, २१ मीटर खाली सरासरी ३ अंश! पायऱ्या ओल्या नि उभ्या. एका जागी छत जेमतेम ९१ सेंटिमीटरवर, तिथे मी बदकासारखी चालले, तरी हेल्मेट टक्कन आपटलंच. बर्फाचे खरे खांब एप्रिलच्या सुमारास जाड होतात. ऑगस्टात मुख्यतः दिवे सोडलेल्या, रचून ठेवलेल्या बर्फाच्या लाद्या बघायला मिळाल्या, त्यामुळे थोडा हिरमोड झाला. पूर्वी इथला बर्फ शोगुनला, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाला, पाठवत म्हणे.

तुमचे अनुभव लिहा. फसलेले तर आधी लिहा.

*

आम्ही अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला राहतो. आई-बाबा आले तेव्हा त्यांना बांदेरा ज्वालामुखी दाखवायला नेलं. ग्रँट्स गावाच्या पुढे. एक पायवाट विवराकडे जाते, दुसरी बर्फगुहेकडे. साधारण सत्तर लाकडी पायऱ्या. निम्म्यावर आईने पर्समधून कानटोपी काढली. विमानात घालायला आणलेली, तिथे कामी आली!

खाली शेवाळामुळे हिरवट दिसणारा, सहा-एक मीटर जाडीचा बर्फ. त्यावर पाय ठेवता येत नाही, फळ्यांच्या मंचावरूनच बघायचं. तापमान बारा महिने शून्याच्या खाली. पूर्वी इथला बर्फ तोडून नेत, ते १९४६ ला थांबलं.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. "वितळत कसा नाही?" हे त्यांनी तीनदा विचारलं. मी समजावलं, की थंडीतली जड हवा खाली उतरून बसते, उन्हाळ्यातली हलकी हवा तिला उठवू शकत नाही, आणि भोवतीचा लाव्हा जाळीदार, त्यामुळे बाहेरची ऊब आत येत नाही. बाबा म्हणाले, "म्हणजे आइस्क्रीमवाल्याचा फ्रीझर. झाकण वर असतं, म्हणून थंडी सांडत नाही." माझ्या पाच मिनिटांच्या व्याख्यानाचा निकाल एका वाक्यात.

*

मी सांगलीचा. नारुसावाजवळच फुगाकु वातगुहा आहे, २०१ मीटर लांब. तिथे पूर्वी रेशीमकिड्यांची अंडी आणि झाडांचं बी साठवत. आतली मांडणी बघितली आणि मला थेट आमच्या हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, आठवली. फरक एवढाच, की पेवात उतरायच्या आधी आतली हवा बरी आहे ना याची खात्री करून घ्यायला लागते. इथे बिनधास्त.

दगड मात्र ओळखीचा निघाला. आपल्या सह्याद्रीतलाच काळा बेसाल्ट, फक्त वयाने पोरसवदा. पोरांनी आत ओरडून बघितलं, प्रतिध्वनी शून्य. सच्छिद्र भिंती आवाज गिळतात.

*

आमची गोष्ट फसलेलीच. आइसलँडला काट्लाची बर्फगुहा ठरवली होती. ती खरं तर हिमनदीतली, लाव्ह्यातली नव्हे. पण हिमनदीखाली जिवंत ज्वालामुखी आहे, म्हणून इथे लिहितोय. आदल्या रात्री मेसेज आला: पावसामुळे रद्द. दोन दिवसांनी दुसऱ्यांबरोबर गेलो. पारदर्शक निळ्या बर्फात राखेचे काळे पट्टे, चकलीच्या यंत्रातून पिळल्यासारखे वळलेले. बुटांना लोखंडी काटे बांधूनही माझे पाय लटपटत होते. बायको मस्त पुढे.

*

विचारायचं होतं, सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, गुडघा एकच धड आहे. नारुसावा झेपेल का?

*

धागाकर्ती: नको नको! त्या बदकचालीत माझेच गुडघे बोलले. त्यांना सांगलीकरांच्या वातगुहेत न्या, ती बरीचशी सपाट आहे. आणि शाल वर गाडीत विसरू नका, मी विसरले होते.