मदत हवी आहे : शिरोळ तालुक्यातलं गाव, चार म्हशी, अंथरुणावरची आजी. कितव्या फुटाला घर सोडायचं?

नदीकाठची

नमस्कार मंडळी. मी पुण्यात नोकरी करते. आई-बाबा शिरोळ तालुक्यात, पंचगंगा कृष्णेला मिळते त्याच्या थोडं अलीकडे नदीकाठच्या गावात राहतात. बाबा ७३, आई ६८, आजी ९१ वर्षांची आणि दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली. गोठ्यात चार म्हशी, त्यातली एक गाभण.

२००५ ला पाणी आमच्या उंबऱ्याला लागून परत गेलं. म्हणून २०१९ च्या ऑगस्टमध्ये बाबा म्हणत राहिले, "पाच सालाला आत आलं नाही, आता काय येतंय?" त्या वर्षी घरात साडेचार फूट पाणी होतं. २०२१ च्या जुलैत सगळे शहाणे झाले होते, पण पाणी इतक्या झपाट्यानं चढलं की विचार करायला दिवसच मिळाला नाही. रस्ता बंद झाल्यावर बोट आली. आजीला खाटेसकट उचलून बोटीत घेतलं. आईनं म्हशींची दावी सोडली आणि मग बोटीत पाय ठेवला. तिसऱ्या दिवशी तीन म्हशी वरच्या रस्त्याला सापडल्या. चौथी सापडली नाही. आई आजही तिचं नाव घेत नाही.

मला यंदा ते पुन्हा होऊ द्यायचं नाही. माहिती मिळत नाही अशी तक्रार नाही, उलट ती फार येते. बाबांच्या मोबाइलवर एका दिवसात राजाराम बंधाऱ्याचा आकडा, आयर्विन पुलाचा आकडा, कोयना धरणाचा विसर्ग, कृष्णेवर खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विसर्ग, रेड अलर्ट असं सगळं येऊन पडतं. शिवाय "धरण फुटलं" असले खोटे संदेश असतातच. यातलं आमच्या घराला लागू काय? राजारामला ४३ झाले म्हणजे आमच्या दारात किती? कितव्या आकड्याला निघायचं? आणि म्हशी कुठे न्यायच्या? कारण म्हशी हलल्याशिवाय आई हलत नाही, आणि आई हलल्याशिवाय बाबा.

कुणी अनुभवी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

मोजपट्टी

ताई, मी बरीच वर्षं नदीची पातळी वाचण्याच्या कामात होतो, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे.

पहिली गोष्ट. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाला इशारा ४० आणि धोका ४५. हे आकडे समुद्रसपाटीपासूनचे नाहीत. प्रत्येक ठिकाणच्या मोजपट्टीचा शून्य वेगळा असतो. त्यामुळे "राजारामला ४३, आयर्विनला ४०, म्हणजे सांगलीत पाणी कमी" असं कुणी म्हणालं तर त्याला काही अर्थ नाही. राजारामच्या ४३ चा तुमच्या दाराशी थेट संबंध लावता येत नाही तो यामुळेच.

दुसरं. तुमच्या गावाला दोन नद्यांचं ऐकावं लागतं. पंचगंगेचं पाणी राधानगरी, गगनबावड्याकडून येतं. कृष्णेचं पाणी कोयना, वारणा घेऊन येतं. कृष्णा भरलेली असली की पंचगंगेला पुढे शिरायला वाव मिळत नाही, आणि फुगवटा मागे सरकत तुमच्याकडे येतो. म्हणून कोल्हापुरात पाणी उतरायला लागलं तरी शिरोळला ते तसंच उभं राहतं, कधी कधी वाढतंही. कोल्हापूरचे पाहुणे फोन करून सांगतात, "आमच्याकडे उतरलं, आता काळजी नाही." त्यावर विसंबू नका.

तुम्ही राजारामपेक्षा तेरवाड, शिरोळ आणि नृसिंहवाडी इथले आकडे बघा. पावसाळ्यात जिल्ह्याच्या रोजच्या पूरवृत्तात ते येतात. त्यांच्या जोडीला फक्त तीन गोष्टी: राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले का, कोयनेतून विसर्ग किती, आणि घाटमाथ्यावर पाऊस किती. कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर ही तीन नावं लक्षात ठेवा. तुमच्या अंगणात ऊन पडलेलं असतानाही तिथे २०० मिलिमीटर कोसळत असेल तर पाणी वाटेवर आहे. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर गेला की तो 'अत्यंत मुसळधार'.

विसर्गाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. साडेअकरा हजार क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी चोवीस तास सोडलं की साधारण एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट होतं. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. धरण जुलैच्या शेवटी किती भरलंय हे माहीत असलं की ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जागा किती शिल्लक आहे ते घरबसल्या कळतं.

संगमवाला

हे सगळं ठीक आहे, पण मूळ दुखणं अलमट्टी आहे. तिथली पातळी ५१९.६० मीटरवर गेली की आमचं मरण. त्यावर कुणी बोलत नाही.

मोजपट्टी

अलमट्टीवर बोलायला हवं, दोन्ही राज्यांत त्यावर अभ्यास आणि वाद चालू आहेत. पण ताईंना येत्या जुलैत आई-वडिलांना कधी बाहेर काढायचं ते ठरवायचंय. अलमट्टीसाठी वेगळा धागा काढूया, मीही लिहीन.

ताई, आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. घरात पाणी कधी येईल हे विचारू नका. रस्ता कधी बंद होईल ते विचारा. घर सुटतं ते रस्त्यावरून, आणि रस्ता घराच्या आधी जातो. आपल्याकडे क्रम ठरलेला आहे: आधी बंधारे पाण्याखाली जातात, मग नदीकाठच्या मळीतली शेतं, मग ओढ्यावरचा पूल, मग गावाचा रस्ता, आणि सगळ्यात शेवटी घरं. तुमच्या गावाबाहेर पडायच्या रस्त्यावरची सगळ्यात खोलगट जागा कुठली? तिथे पाणी आलं त्या दिवशी सकाळी नृसिंहवाडीला किती फूट होते? तो तुमचा आकडा. त्यातून चांगले तीन-चार फूट वजा करा. तिथे म्हशी हलल्या पाहिजेत. माणसं त्यानंतर, पण रस्ता कोरडा असतानाच.

नदीकाठची

फार आभार, काका. इतकं स्पष्ट मला कुणीच सांगितलं नव्हतं. पण २०२१ ला रस्ता नेमका कधी बंद झाला हे घरात कुणाला आठवत नाही. बाबा एक दिवस सांगतात, आई दुसराच.

गोठेवाला_करवीर

ताई, डेअरीच्या पावत्या बगा. आमच्या घरात दूध घातल्याची पावती आई डब्यात ठेवती. ज्या दिवशी पावती न्हाई त्या दिवशी डेअरीची गाडी आली न्हाई, म्हणजे रस्ता गेला. आम्ही असाच दिवस काढला. मग त्या तारखेचा जुना पेपर ग्रंथालयात बघितला, त्यात नदीची पातळी असतीच.

आता म्हशीचं सांगतो. आमचं गाव प्रयाग चिखलीच्या बाजूला. आमच्याकडं पाणी पहिलं येतं, त्यामुळं हे दरसाल करावं लागतं.

म्हैस पाण्याला भीत न्हाई, पोहती. पण ती पावसात, रात्री, अनोळखी टेम्पोत चढत न्हाई. त्यात सगळा वेळ जातो. म्हणून मे-जूनमध्येच एकदा टेम्पो आणून चढवून उतरवून बगा. आम्ही गोठ्याजवळ मातीचा उतार करून ठेवलाय, टेम्पोचा फाळका टेकल इतका. गाभण म्हैस पहिल्या खेपेला. टेम्पोवाल्याला आजच बोलून ठेवा, कारण पूर आला की सगळ्या गावाला एकच टेम्पो हवा असतो. जमलं तर दोघांना सांगून ठेवा.

कानातले बिल्ले आहेत का? नसतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन लगेच मारून घ्या आणि प्रत्येकीचा बिल्ल्यासकट फोटो मोबाइलवर ठेवा. जनावर गेलं तर पंचनाम्यात बिल्ल्याचा क्रमांक लागतो. दुधाळ म्हशीला २०२५ मध्ये सरकारी मदतीचा दर ३७,५०० रुपये होता. तेवढ्यात नवी म्हैस येत न्हाई, पण पुरावा नसला तर तेवढंही अडकतं. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी. आणि गोठ्यात हाताशी एक धारदार विळा टांगून ठेवा. दाव्याची गाठ ओली झाली की सुटत न्हाई, कापावी लागती.

तुमच्या आईंनी दावी सोडली ते बरोबर केलं. त्यांना सांगा. बांधलेली असती तर चारही गेल्या असत्या.

नदीकाठची

हे आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिचं नाव चंद्री होतं, लिही तिथं."

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणची. आमच्याकडे २२ जुलै २०२१ ला पहाटे पाणी भरायला लागलं आणि सकाळपर्यंत बाजारपेठेत पहिला मजला गाठायची वेळ आली. वर मुसळधार पाऊस, खाली खाडीला भरती. आम्हाला तास मिळाले, दिवस नाहीत. तुमची नदी इंच-इंच चढते, ती तुम्हाला दोन-तीन दिवस देते. ते दिवस वाट बघण्यात घालवू नका, इतकंच मला कळकळीनं सांगायचंय.

एक कामाचं. सरकारचं 'सचेत' नावाचं अ‍ॅप आहे, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं. त्यात जिल्हा निवडला की अधिकृत इशारे मराठीतही येतात. केंद्रीय जल आयोगाचं 'फ्लडवॉच इंडिया' आहे, त्यात केंद्रांची पातळी दिसते. तुम्ही पुण्यात बसून ही दोन्ही बघू शकता. बाबांना रोज फक्त एक फोन करायचा आणि एकच आकडा सांगायचा. वयस्क माणसाला चाळीस संदेश वाचायला लावणं हाच त्रास आहे. आमच्या घरी मी हेच काम करते.

क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, राज्याचा १०७०, कुठल्याही तातडीला ११२, रुग्णवाहिका १०८, जनावरांसाठी १९६२. वीज बंद करायला महावितरणचा १९१२, पण घरातला मेन स्विच पाणी येण्याआधी स्वतःच पाडा. मोबाइल पाण्यात जातो, भिंत राहते. पाण्याची खूण जिथवर आली होती त्याच्या वर लिहा.

परिचारिका_मिरज

आजींबद्दल लिहिते. अंथरुणावरच्या रुग्णाला शेवटच्या दिवशी बोटीतून नेणं फार धोक्याचं. त्यांना म्हशींच्याही आधी हलवा, इशारा पातळीच्या बातम्या सुरू झाल्या की लगेच. गावातल्या आशाताईंकडे आजींचं नाव नोंदवा. अंथरुणावरचे रुग्ण, गरोदर बायका, डायलिसिसवाले यांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे असली की गाडी कुणाकडे आधी पाठवायची ते ठरतं. यादीत नाव नसेल तर कितीही आरडाओरड केली तरी त्या गर्दीत ऐकू जात नाही.

पिशवीत: एक महिन्याची औषधं, चिठ्ठीचा फोटो, मोठ्या माणसांचे डायपर, रबरी चादर, ओआरएस, चष्मा, कवळी. हसू नका कुणी, कवळी राहिली म्हणून आठ दिवस नीट न जेवलेल्या आजी मी शिबिरात पाहिल्यात. आधार, रेशनकार्ड, सातबारा, बँकेचं पासबुक दुहेरी प्लास्टिकमध्ये.

परत आल्यावर चिखल काढताना गमबूट घाला. पायाला जखम असेल तर पुराच्या पाण्यात उतरू नका, लेप्टोचा धोका असतो. अंगावर घेण्याआधी गाद्या काठीनं उलटवा, घोणस कोरड्या जागी येऊन बसते. पाणी उकळून किंवा मेडिक्लोर टाकूनच प्या.

शाळेचा_फळा

शिक्षक आहे, पूरकाळात आमच्या शाळेत निवारा केंद्र असतं. एक करा. तुमच्या गावाचा गाव आपत्ती आराखडा ग्रामपंचायतीत असतो. तो मागून वाचा. त्यात निवारा म्हणून जी शाळा लिहिली आहे ती २०१९ ला पाण्यात होती का, हे बघा. तशी असेल तर ग्रामसभेत लेखी द्या. आणि जनावरांची छावणी कुठे, ते त्यात लिहिलंय का तेही बघा. काहिलीतून माणसं काढायची वेळ आम्ही पाहिली आहे, गुऱ्हाळातली काहिल, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, तरंगते म्हणून. तिच्यात दोन माणसं बसतात, म्हैस बसत नाही.

नदीकाठची

रविवारी गावाला जाऊन आले, म्हणून उशीर झाला.

पावत्यांचा डबा सापडला. २०१९ च्या पावत्या पुरात भिजून गेल्या, पण २०२१ च्या आहेत, कारण तेव्हापासून आई डबा माळ्यावर ठेवते. पावती कुठल्या सकाळी तुटली ते कळलं. त्या तारखेची पातळी मोजपट्टीकाकांनी मला शोधून दिली. आकडा इथे मुद्दाम लिहीत नाही. तो आमच्या गल्लीचा आहे, दुसऱ्या गावातल्या कुणी तो धरून बसू नये. बाबांनी तो गोठ्याच्या खांबावर लाल रंगानं लिहिला, आणि त्याच्या खाली चार फूट वजा करून दुसरा, हिरव्यानं. हिरव्याला म्हशी, हे आईनं मान्य केलंय.

मामाचं गाव हातकणंगले तालुक्यात माळावर आहे, तिथे छपरी मोकळी आहे. टेम्पोवाले दोन ठरले. एकीनं चढायला पाऊण तास घेतला, बाकीच्या लगेच चढल्या. आजीचं नाव आशाताईंनी लिहून घेतलं. आराखडा ग्रामपंचायतीत मिळाला, त्यात जनावरांचं पान कोरं आहे. ग्रामसभेसाठी अर्ज दिलाय, बारा घरांच्या सह्या झाल्या.

एकच राहिलं. माळावर हिरवी वैरण नाही, आणि पूर लांबला तर पंधरा दिवस काढावे लागतील. कडबा थोडा आहे. चार म्हशींना काय घालायचं?

गोठेवाला_करवीर

मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा. मक्याचा करा, पिशव्यांत भरून दाबा, हवा राहू देऊ नका. ४५ दिवसांत तयार होतो. या आठवड्यात भरला तर जुलैच्या मध्याला उघडता येईल. पिशव्या आत्ताच मामाकडं नेऊन ठेवा, म्हशींसोबत न्यायच्या म्हणून गावात ठेवू नका. आणि उघडल्यावर आधी थोडा थोडा सवय लावून घाला, एकदम घातला तर पोट बिघडतं.

नदीकाठची

उद्या मका बघायला बाबा जातायत.