गगनयान, केळी आणि साडेचार हजार

(जळगावातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रविवारी झालेली चर्चा. गुड मॉर्निंगचे फोटो आणि पार्किंगचं भांडण गाळलंय, नाहीतर मूळ मुद्दा सापडला नसता.)

जिभाऊ, ए-३०२: फॉरवर्ड आलाय. 'गगनयानाला २०,१९३ कोटी, गरिबाच्या ताटात काय?' सांगा बरं, काय चुकीचं शे यात? चंद्रावर पाणी शोधून राहिले, इथं उन्हाळा आला की टँकर.

बंटी, सी-४०४: जिभाऊ, आकडा खरा आहे, पण तो एका वर्षाचा नाही. माणूस अवकाशात पाठवायच्या अख्ख्या कार्यक्रमाचा आहे. २०२५-२६ च्या बजेटमध्ये पूर्ण अवकाश विभागाला १३,४१६ कोटी, आणि देशाचं बजेट ५०.६५ लाख कोटी. म्हणजे शंभर रुपयांतले सव्वीस-सत्तावीस पैसे.

जिभाऊ: पैशात सांगितलं की सगळंच स्वस्त वाटतं भो. तुझा थकलेला मेंटेनन्स तासाच्या हिशेबात सांगू का?

बंटी: मागच्याच आठवड्यात भरला!

ताई, बी-२०१: लाडकी बहीण जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६,००० कोटींचा अंदाज होता. एकट्या आपल्या राज्याचा. म्हणजे इस्रोचं वर्षाचं सगळं बजेट आपल्या साडेतीन महिन्यांच्या हप्त्यांत संपलं असतं. आता म्हणा, गरिबाला काही देत नाहीत.

नाना, ए-१०१: मंडळी, हा वाद आपल्या खान्देशात नवा नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलात ना सगळे? नुसते धबधब्यात भिजून आलात. तिथल्या पाटणच्या शिलालेखात लिहिलंय की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या राजांनी त्याला दान दिलं. शेवटच्या ओळी तर जुन्या मराठीत आहेत. पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला निघेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जो कर मिळायचा, तो मठाला दिला. तेराव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. ग्रहगणितासाठी सरकारी अनुदान!

जिभाऊ: नाना, मग तो कर भरला कोणी? राजाने का गिऱ्हाइकाने?

नाना: गिऱ्हाइकाने.

जिभाऊ: त्याला विचारलं होतं?

(इथे चार जणांनी हसण्याचे इमोजी टाकले. नानांनी बराच वेळ काही लिहिलं नाही.)

नाना: विचारलं नसेल. पण उपयोग बघा ना. १९९९ ला ओडिशात महाचक्रीवादळ आलं, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ ला त्याच किनाऱ्यावर फायलिन आलं, बळी पन्नासच्या आत. आधी कळलं, लाखो लोक हलवले. नुसत्या उपग्रहाने नाही हे मान्य, निवारे बांधले, यंत्रणा कामाला लागली. पण वादळ समुद्रात कुठे आहे हे वरूनच दिसतं.

बंटी: आणि जिभाऊ, तुमच्या केळीच्या विम्याचं तापमानसुद्धा सॅटेलाइटवरूनच मोजतात.

जिभाऊ: कोण म्हणे? अरे, रावेरला ये एकदा. महसूल मंडळात खांबावर यंत्र बसवलंय, त्याच्या आकड्यावर विमा ठरतो. माझ्या बागेत केळी करपली आणि त्या खांबाजवळ पारा विम्याच्या अटीपेक्षा अर्ध्या डिग्रीने कमी निघाला तर खलास. वाऱ्याने केळी आडवी झाली तर ७२ तासांत कळवा, मग पंचनामा. त्यात तुझं रॉकेट कुठंच नाही.

बंटी: ओके, हे माहीत नव्हतं.

ताई: मग खांब वाढवा म्हणा ना. एका रॉकेटच्या पैशात गावोगाव होतील.

आक्का, बी-१०३: आता मी लिहू का जरा? मोठं होईल, रागावू नका. नोकरीची शेवटची वर्षं मी धडगाव भागात अंगणवाडी पर्यवेक्षिका होते. तुम्ही 'अवकाश' म्हणून सगळं एकाच पिशवीत भरताय. फेब्रुवारी २०२४ मध्ये इन्सॅट-३डीएस सोडला, हवामानाचा. त्याचा खर्च पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने केला. त्याला कोण नको म्हणेल? चांद्रयान-३ ला ६१५ कोटी, डोक्यामागे साडेचार रुपये सुद्धा नाहीत. तेही सोडा. गगनयान वेगळं. त्यात माणूस वर पाठवायचा आणि सुखरूप आणायचा. त्यातून पाऊसही कळत नाही, समुद्रात मासे कुठे आहेत तेही कळत नाही. तो देशाच्या मानाचा खर्च आहे. मान नको असं नाही, पण त्याला मानाचाच खर्च म्हणा, शेतकऱ्याचं नाव पुढे करू नका.

आक्का: आता दुसरी गोष्ट. अंगणवाडी सेविकेच्या मानधनात केंद्राचा वाटा ऑक्टोबर २०१८ पासून ४,५०० रुपये. मदतनिशीला २,२५०. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गगनयानाला ९,०२३ कोटी मंजूर झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यात ११,१७० कोटी वाढवले. आणि ४,५०० चे २०२५ मध्येही ४,५००च. राज्याने आपल्या वाट्यातून वाढवलं, केंद्राने नाही. गगनयानाची किंमत वाढते हे दिल्लीला समजतं. तेल-मीठ-मिरचीची वाढते हे नाही समजत?

जिभाऊ: आक्का, एकदम खरं बोलल्या.

नाना: मान्य, पण आक्का, गगनयान थांबवलं तर ते पैसे अंगणवाडीलाच जातील?

आक्का: नाही जाणार. म्हणून थांबवा म्हणतच नाही मी. देशात अंगणवाड्या सुमारे १४ लाख. सगळे २०,१९३ कोटी वाटले तरी एकीला एक लाख चव्वेचाळीस हजार, तेही एकदाच. छत होईल, वजनकाटा येईल. पुढच्या वर्षी काय? बाईचं मानधन दर महिन्याला लागतं. ते बजेटमध्ये कायमचं बसवावं लागतं आणि तीच गोष्ट कोणाला नको असते. रॉकेटचा फोटो तरी येतो.

बंटी: मग इस्रोकडून मागायचं काय?

आक्का: मागण्यासारखं आहे ना! २०२१ पासून सगळं पोषण ट्रॅकर ॲपवर भरायचं. सातपुड्यातल्या पाड्यात रेंज नाही. सेविका मोबाइल घेऊन टेकडीवर चढते, मग मुलाचं वजन दिल्लीला पोचतं. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० मध्ये आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात दिलं, टेंभलीला. कार्ड पहिलं आलं, रेंज अजून यायचीय. त्या पाड्यांना उपग्रहाचं नेट द्या, मी स्वतः इस्रोला नारळ फोडते.

ताई: हे खासदारांना लिहून देऊ या का? संसदेत विचारता येईल असं.

बंटी: मी टाइप करतो. एक, अंगणवाडीच्या मानधनातला केंद्राचा वाटा २०१८ नंतर का वाढला नाही. दोन, धडगाव-अक्कलकुव्यातल्या अंगणवाड्यांना उपग्रहावरचं इंटरनेट कधी देणार.

जिभाऊ: तीन, एका महसूल मंडळात एकच खांब का.

नाना: आणि गगनयान?

आक्का: ते नाव त्यात नको. नाव आलं की उत्तर गगनयानाचंच देतील आणि बाकीचं वाहून जाईल.

जिभाऊ: मग मी तो फॉरवर्ड डिलीट करू का?

आक्का: राहू द्या. आकडा बरोबर आहे.