मदत हवी आहे: बाबांना कॅरमचा जोडीदार शोधायचाय, पण घर कुठलं ते कळू न देता

नमस्कार मंडळी. मी नागपुरात मनीषनगरला राहते. दिवाळीनंतर बाबांना अकोल्याहून कायमचं इकडे आणलं. तिकडे ओसरीत रोज संध्याकाळी कॅरमचा अड्डा बसायचा. इथे लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण मोबाईलमध्ये मान घालून. बोर्ड आणला, पावडर आणली, समोर बसायला माणूस नाही. मला राणी घेतली तर कव्हर करता येत नाही, त्यामुळे माझ्याशी खेळण्यात त्यांना रस नाही (मलाही नाही).

म्हणून त्यांच्या फोनमध्ये 'जवळपासची माणसं' दाखवणारं एक चॅट ॲप टाकून दिलं. पूर्वी टेलिग्रामवर ही सोय होती, ती आता दिसत नाही. या ॲपमध्ये नावापुढे अंतर येतं: ४०० मी., १.२ किमी, असं.

पहिल्याच संध्याकाळी तीन मेसेज. एक नुसताच 'हाय डियर'. दुसरा, घरबसल्या व्हिडिओ लाईक करा आणि रोज दोन हजार कमवा. तिसरा मात्र खरा निघाला: 'काका, मीही कॅरमवालाच. स्ट्रायकर कितीचा वापरता?' बाबांची कळी खुलली. दोन दिवस बेस शॉट आणि रिबाउंडवर गप्पा चालल्या.

तिसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी विचारलं, 'काका, तुम्ही सी विंगचे ना?' आम्ही पत्ता सोडा, सोसायटीचं नावही दिलं नव्हतं. कसं कळलं म्हटल्यावर त्यांनी बिनधास्त लिहिलं: 'दूध आणायला निघालो होतो. तुमच्या गेटपाशी १२० मीटर दाखवलं, डेअरीपाशी ६०, मागच्या पुलियावर २००. म्हटलं मग सी विंगच!'

बाबा म्हणाले, 'हुशार आहे गडी, याचा कट चांगला असणार.' मला मात्र घाम फुटला. दुपारभर ते घरी एकटे असतात.

माणूस वाईट वाटत नाही, पण जे त्याला जमलं ते त्या दोन हजारवाल्यालाही जमेल ना? अंतर लपवायची किंवा ढोबळ करायची काही सेटिंग असते का? की ॲपच काढून टाकू? आणि ॲप काढलं तर नागपुरात साठीपुढच्या माणसाला खेळगडी कुठे मिळतो, तेही सांगा.

तिरपा_कोन:
ताई, त्या गृहस्थांनी केलं ती शाळेतली भूमिती आहे. कोणी झिरो माईलपासून ३ किमीवर आहे एवढंच कळलं, तर तो त्या वर्तुळावर कुठेही असेल. सक्करदऱ्यापासूनचं अंतर कळलं की दोनच जागा उरतात. तिसरं अंतर मिळालं की खेळ संपला. त्यासाठी चालायचीही गरज नसते. खोटं लोकेशन दाखवणारी ॲप्स आहेत, घरबसल्या तीन ठिकाणी 'उभं' राहता येतं. जानेवारी २०२१ मध्ये एका संशोधकाने टेलिग्रामच्या त्या सोयीत हेच करून दाखवलं होतं. ती सोय २०१९ मध्ये आली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये काढली. कंपनीचे प्रमुख दुरोव्ह यांनीच सांगितलं की ०.१ टक्क्याहूनही कमी लोक ती वापरत होते आणि बॉट व ठगांचा त्रास मात्र होता.

उपाय: फोन अँड्रॉइड १२ किंवा पुढचा असेल तर त्या ॲपच्या लोकेशन परवानगीत जाऊन 'प्रिसाइस' बंद करा. मग ॲपला साधारण तीन चौरस किमीचा पट्टाच कळतो, विंग नाही. आयफोनवर ही सोय आयओएस १४ पासून आहे. शिवाय लोकेशन 'ॲप वापरताना'च असू द्या. आणि हे घरून न उघडता बागेत बसून उघडलं तर आणखी बरं.

तर्री_जास्त:
काऊन एवढं टेन्शन घेऊन राहिल्या ताई? काकाले सकाळी सहाले बागेत पाठवा. आठ दिवसांत असा ग्रुप जमते का घरी यायले वेळ नाही भेटत. आमच्या बुढ्याचं तेच झालं, आता पोह्याच्या ठेल्यावरून फोन करून बोलवा लागते.

जुनी_धंतोली:
तो दोन हजारवाला आधी ब्लॉक करा. सुरुवातीला शे-दोनशे खरंच देतात, मग 'मोठ्या टास्क'साठी पैसे भरायला लावतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. बाबांना हा नंबर आताच सेव्ह करून द्या, नंतर घाईत सापडत नाही.

धागाकर्ती:
धन्यवाद सगळ्यांना. प्रिसाइस बंद केलं. आता शेजारच्या फ्लॅटमधली मुलगीही 'जवळपास' दोन किमीवर दिसते. ब्लॉकही झालं.

कॅरमवाल्या काकांना घरी न बोलावता रविवारी क्लब हाऊसमध्ये बोलावलं, वॉचमनच्या खुर्चीसमोरच बोर्ड लावला. मी 'सहज' पेपर वाचत बसले होते. आले ते स्वतःचा स्ट्रायकर रुमालात गुंडाळून. बाबा दोन बोर्ड हरले, परत येताना लिफ्टमध्ये एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, 'बुधवारी बोलाव त्याला. पावडर मात्र आपली.'

बागेचं अजून बाकी आहे. मनीषनगरजवळ सहाला कुठे जमतात, तेवढं सांगा.