मदत हवी आहे: मुलांना 'सजगता' शिकवायची कशी?

मी सहावीला शिकवते. परिपाठानंतर डोळे मिटून आनापान (येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देण्याचा सराव) घेते, पण दोन मिनिटांत चुळबुळ, मग खुसखुस. (माझाही एक डोळा उघडाच असतो म्हणा!) गेल्या आठवड्यात प्रत्येकाच्या हातात पिंपळाचं पान दिलं. दहा मिनिटं नुसतं बघायचं आणि शिरांची जाळी रेखाटायची. ४२ मुलं चक्क गप्प! आता गेरूवर तांदळाच्या पिठाने वारली काढून बघणार आहे. बांबूच्या काडीने ठिपके देताना हात आपोआप सावकाश होतो. असं कोणी नियमित घेतं का? पावसात मैदानाचा चिखल झाला आणि मुलांना बाहेर नेता आलं नाही की काय करता? आणि 'माझं चित्र बिघडलं' म्हणून रडणाऱ्यांना कसं सांभाळता?