शून्य: खूण आणि संख्या
शून्याचा शोध आर्यभटाने लावला, असं बरेचदा म्हटलं जातं. मला इथे एक फरक फार महत्त्वाचा वाटतो. संख्या लिहिताना रिकाम्या राहिलेल्या स्थानाची खूण (205 मधल्या शून्यासारखी) प्राचीन बाबिलोनी लोकांकडेही होती. पण शून्याला संख्या मानून त्याच्या बेरीज-वजाबाकीचे, गुणाकाराचे नियम लिहिले ते गणिती ब्रह्मगुप्ताने, इ.स. 628 मध्ये, ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ या ग्रंथात. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन, हेही तिथेच आहे. भागाकारात मात्र तो अडला; शून्य भागिले शून्य त्याने शून्यच धरलं. (ही चूकही मला मोलाची वाटते. तो प्रश्न हाताळायचं धाडस त्याने केलं!) पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं, ती अनंत मानली. आज आपण शून्याने भागणं अव्याख्यातच ठेवतो, म्हणजे त्याला उत्तरच देत नाही, कारण कुठल्याही संख्येला शून्याने गुणलं तरी शून्यच येतं. मग उलट परतायचं नेमकं कुठल्या संख्येकडे?