स्वयंपाकघर बंद असताना ओट्सची लापशी दाट आणि मऊ कशी करावी?

उघडी_खिडकी यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही नव्या घरात राहायला आलो आहोत आणि दुरुस्तीचे काम आमच्या राहण्याबरोबरच चालू आहे. स्वयंपाकघरातील जुना ओटा फोडला आहे, शेगडीची जोडणी काढून ठेवली आहे आणि पाणी न्हाणीघरातील नळावरून आणावे लागते. निजण्याच्या खोलीत एका टेबलावर विजेची किटली, छोटा मायक्रोवेव्ह आणि शेजारी लहान फ्रीज एवढीच काय ती आमची चूल. कामगार सकाळी लवकर येतात, त्यामुळे त्यांच्या आधी सर्वांचे खाणे उरकावे लागते आणि भांडीही शक्य तितकी कमी पडावीत असा प्रयत्न असतो.

नाश्त्याला ओट्स सोयीचे पडतील असे वाटले होते. चपट्या ओट्सवर किटलीतील उकळते पाणी ओतून झाकून ठेवले की वर पाणी तरंगते आणि खाली अर्धवट भिजलेले पापुद्रे बसतात. दूध घालून मायक्रोवेव्हमध्ये शिजवले तर क्षणात सगळे उतू जाते आणि वाडग्यात उरते ते चिकट असते. पाकिटातील गोड, झटपट मिश्रण आम्हाला नको आहे. ओट्सना तो सायीसारखा मऊपणा नेमका कशामुळे येतो आणि आमच्याजवळ असलेल्या साधनांत तो आणता येईल का, हे जाणकारांनी सांगावे.

मंद_आच यांचे उत्तर

सायीसारखा मऊपणा दुधामुळे येतो असा समज आहे, पण बहुतांशी तो दाण्यातूनच येतो. ओटच्या दाण्यात दोन गोष्टी आहेत. एक स्टार्च, जो साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी शोषून फुगू लागतो. आणि दुसरा बीटा-ग्लुकन नावाचा विद्राव्य तंतू, जो दाण्यातून सुटून पाण्यात उतरतो आणि त्या पाण्यालाच दाट करतो. या दोन्ही क्रियांना पुरेसे पाणी, काही वेळ टिकून राहणारी उष्णता आणि थोडे घोटणे लागते. तुम्ही उकळते पाणी गार वाडग्यात ओतता तेव्हा वाडगा, ओट्स आणि हवा मिळून त्यातील बरीच उष्णता पहिल्या काही मिनिटांतच खेचून घेतात. त्यामुळे पापुद्र्यांची वरची बाजू भिजते, आतला स्टार्च फुगण्याआधी सगळे निवते आणि पाणी तसेच वर राहते. पाणी वाढवून किंवा पुन्हा ओतून हा प्रश्न सुटत नाही, कारण उणीव पाण्याची नसून वेळेची आहे.

म्हणून शिजवण्याआधी भिजवावे. एका माणसासाठी ४० ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा कप चपटे ओट्स घ्यावेत, त्यात १५० मिलिलिटर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे. रात्री विसरल्यास सकाळी तोंड धुऊन होईपर्यंतचा अवधीही बऱ्यापैकी उपयोगी पडतो. वाडगा खोल असावा, मिश्रणाच्या किमान तिप्पट मावेल इतका. आधी पूर्ण शक्तीवर एक ते दीड मिनिट तापवावे, बाहेर काढून चमच्याने ढवळावे, मग मायक्रोवेव्हची शक्ती निम्मी करून आणखी दोन-तीन मिनिटे ठेवावे आणि मध्ये एकदा पुन्हा ढवळावे. नंतर ताटली झाकून तीन-चार मिनिटे तसेच राहू द्यावे. या मुरण्याच्या वेळेत लापशी आपोआप घट्ट होत जाते, तेव्हा बाहेर काढताना ती किंचित पातळ वाटली तरी घाबरून आणखी ओट्स टाकू नयेत. झाकण काढल्यावर ८०-९० मिलिलिटर कोमट दूध घालून अर्धा मिनिट जोरात घोटावे. दूध आणि दाणे एकजीव होतात ते या शेवटच्या घोटण्याने, आणि घाईत नेमके तेच वगळले जाते.

आणखी दाटपणा हवा असेल तर ओट्सचा पाचवा हिस्सा आधीच दळून पूड करून ठेवावा आणि रोजच्या मापात मिसळावा. पूड लवकर फुगते आणि उरलेल्या पापुद्र्यांमधील पाणी बांधून ठेवते. मात्र सगळेच दळले तर खळ तयार होते.

सावकाश यांचे उत्तर

वरील पद्धत चपट्या ओट्ससाठी उत्तम आहे, परंतु ज्यांच्याकडे सकाळी ढवळत उभे राहायलाही उसंत नाही त्यांनी ओट्सचा प्रकारच बदलावा असे माझे मत आहे. चपटे ओट्स म्हणजे वाफवून रुळांखाली दाबलेला दाणा, झटपट ओट्स म्हणजे तोच दाणा अधिक पातळ दाबून अनेकदा बारीक तुकडे केलेला, आणि स्टील-कट ओट्स म्हणजे न दाबता फक्त दोन-तीन तुकड्यांत कापलेला. शेवटचा प्रकार शेगडीवर वीस ते तीस मिनिटे मागतो, म्हणून लोक त्याच्या वाटेला जात नाहीत. पण तोंडात दाणा लागावा आणि भोवतालचा रस मात्र दाट असावा, हे ज्याला आवडते त्याला दुसरा प्रकार पटत नाही.

शेगडी नसताना हे काम रुंद तोंडाचा, निर्वात भिंतींचा थर्मास करतो. त्यात आधी उकळते पाणी भरून पाच-दहा मिनिटे ठेवावे आणि ओतून द्यावे, म्हणजे पोलादाची भिंत पुढची उष्णता खाणार नाही. मग एक भाग स्टील-कट ओट्स, साडेतीन भाग नुकतेच उकळलेले पाणी आणि मीठ घालून झाकण घट्ट लावावे, थर्मास जोरात हलवावा आणि आडवा ठेवावा, म्हणजे दाणे तळाशी एका ढिगात बसत नाहीत. थर्मास जवळजवळ भरलेला हवा. निम्मा रिकामा ठेवल्यास तो फार लवकर निवतो. रात्री झोपताना भरला की सकाळी लापशी तयार मिळते.

दोन अटी मात्र पाळाव्यात. दूध रात्री कधीही घालू नये, ते खाताना घालावे. आणि सकाळी झाकण उघडल्यावर लापशी चांगली कढत नसेल, म्हणजे ६० अंशांच्या खाली जाऊन नुसती कोमट झालेली असेल, तर ती खाऊ नये. धान्यावर असणाऱ्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात आणि कोमट, ओलसर अन्नात वाढू लागतात; वास किंवा चव बदललेली नसली तरी त्यांचा उपद्रव होऊ शकतो. आपला थर्मास किती वेळ उष्णता धरतो हे आधी नुसते उकळते पाणी भरून, सकाळी तापमापक बुडवून पाहावे. जर तो रात्रभर टिकत नसेल तर पहाटे उठल्या उठल्या भरून, दाणे आधी भिजवलेले असल्यास, दीड-दोन तासांनी खाता येते.

रंधा यांचे उत्तर

लापशीच्या कृतीत मी पडत नाही, पण काम चालू असलेल्या घरातील खाण्याबद्दल थोडे सांगणे गरजेचे वाटते. फरशी कापताना आणि गिलावा खरवडताना उडणाऱ्या धुळीत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात, आणि घर जुने असेल तर भिंतीवरील रंगाच्या थरांत शिसेही असू शकते. घरात लहान मूल असल्यास जुना रंग खरवडण्यापूर्वी तो तपासून घेणे योग्य. त्यामुळे ओट्सचे पाकीट कात्रीने उघडून चिमटा लावून ठेवणे पुरेसे नाही, घट्ट झाकणाची बरणी हवी. खाण्याचे टेबल कोरड्या फडक्याने झटकू नये, ओल्या फडक्याने पुसावे. वाडगे आणि चमचे पालथे घालून झाकून ठेवावेत आणि रात्री भिजवलेले ओट्स झाकणाच्या डब्यातच ठेवावेत. ओट्समध्ये गहू-तांदळापेक्षा चरबीचे प्रमाण बरेच अधिक असते, त्यामुळे ते लवकर खवट होतात आणि रंगाचा, थिनरचा वासही पटकन धरतात. ज्या खोलीत रंगकाम चालू आहे तेथून बरणी त्या दिवसापुरती तरी हलवावी.

नळाचे काम नव्याने झाले असेल तर पिण्याचे पाणी भरण्याआधी नळ थोडा वेळ मोकळा सोडावा आणि तोटीची जाळी काढून धुवावी, कारण जोडणीचा कचरा तिथेच अडकतो. किटली आणि मायक्रोवेव्ह ही दोन्ही भरपूर वीज ओढणारी साधने आहेत. ती एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर एकाच वेळी चालवू नयेत, आणि कामगारांचे कटर किंवा ड्रिल ज्या तात्पुरत्या वायरवर चालते तिच्यावर तर मुळीच नाही.

दुधावरची_साय यांचे उत्तर

मंद_आच यांच्याशी एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. दूध शेवटी घालावे हा नियम शेगडीसाठी योग्य आहे, कारण पातेल्याच्या तळाशी दुधातील प्रथिने आणि साखर बसून करपतात. मायक्रोवेव्हमध्ये तापलेला तळ असा नसतोच, त्यामुळे निम्मे दूध आणि निम्मे पाणी पहिल्यापासून घेतले तरी करपण्याची भीती नाही आणि चव अधिक मुरते. उतू जाण्याचा प्रश्न राहतो हे खरे. दुधातील प्रथिने आणि सुटलेला स्टार्च बुडबुड्यांभोवती मजबूत पापुद्रा धरतात, म्हणून फेस फुटत नाही, चढत जातो. त्यावर खोल वाडगा आणि कमी शक्ती हेच उपाय आहेत, झाकण नव्हे. नुसत्या दुधात शिजवणे मात्र मीही टाळेन, त्यात दाणा सावकाश फुगतो आणि लापशी जड होते.

पाकिटबंद ओट-दुधाने दाटपणा येईल अशी अपेक्षा ठेवू नये. ते तयार करताना दाण्यातील स्टार्च विकरांनी तोडून त्याची साखर केलेली असते, म्हणून ते गोडसर लागते पण घट्ट होत नाही. त्यापेक्षा बदामाचे किंवा शेंगदाण्याचे गुळगुळीत वाटण चमचाभर शेवटी घोटावे. त्यातील स्निग्धांशाने जिभेवर जो मऊपणा येतो तो नुसत्या स्टार्चने येत नाही. केळे कुस्करून घालायचे असल्यास शिजताना घालावे, आंबट फळे मात्र वाडग्यात वाढल्यावरच, नाहीतर गरम दूध फाटते.

उघडी_खिडकी

सर्वांचे मनापासून आभार. बरणी आणि वायरींची व्यवस्था आजच बदलतो. तीन शंका उरल्या आहेत. घरातील ज्येष्ठांना लापशीचा बुळबुळीतपणा आवडत नाही, म्हणून भिजवलेले ओट्स धुऊन घेतले तर चालेल का? ज्या दिवशी वीजच बंद ठेवलेली असते त्या दिवशी फ्रीजमधून काढलेले भिजवलेले ओट्स न शिजवता मऊ लागतील का? आणि मुलाने अर्धवट टाकलेली लापशी थोड्या वेळाने पाण्यासारखी पातळ का होते, माझ्या वाडग्यातील तर उलट घट्ट होते?

मंद_आच

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर मजेशीर आहे. मुलाचा चमचा तोंडातून वाडग्यात आणि वाडग्यातून तोंडात फिरत असतो. लाळेतील अमायलेज हे विकर स्टार्चला तोडते, म्हणून उष्टी लापशी पातळ होत जाते. तुमच्या वाडग्यात उरलेली लापशी बहुधा न उष्टावता बाजूला राहिलेली असते आणि निवताना स्टार्च पुन्हा आवळला जाऊन ती थिजते. तेव्हा मुलाला थोडी थोडी वाढावी आणि उरलेली झाकून फ्रीजमध्ये ठेवावी. पुन्हा तापवताना आधी दोन-तीन चमचे पाणी घालून घोटावे, दूध नंतर.

धुण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. जो बुळबुळीतपणा तुम्ही धुऊन टाकाल तोच बीटा-ग्लुकन आहे. दाटपणा त्याच्यामुळे येतो आणि रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यास मदत करणारा म्हणून ओट्सची जी ख्याती आहे तीही त्याच्याच जोरावर. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या वेष्टनावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याविषयीचा दावा छापण्यास परवानगी दिली, ती दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन हे प्रमाण धरून. ४० ग्रॅम ओट्समध्ये तो साधारण दीड ग्रॅम असतो. ज्येष्ठांना तार सुटणे आवडत नसेल तर कोरडे ओट्स आदल्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये थोडे थोडे करून, दर अर्ध्या मिनिटाला हलवत, खमंग वास येईपर्यंत भाजून ठेवावेत आणि त्यांच्या वाट्याची लापशी शिजताना कमी घोटावी. दाणा सुटा राहतो आणि भाजल्याची चवही येते.

वीज नसलेल्या दिवसासाठी रात्री समान मापाने ओट्स आणि दूध, शिवाय त्याच्या निम्मे दही आणि एक चमचा चिया बिया असे मिसळून फ्रीजमध्ये ठेवावे. चपटे ओट्स कारखान्यात वाफवलेले असल्याने ते न शिजवता खाता येतात. थंड मिश्रणात स्टार्च फुगत नाही, त्यामुळे येणारा मऊपणा दही आणि चियाचा असतो आणि तो शिजवलेल्या लापशीच्या जातीचा नसतो. तशी अपेक्षा न ठेवता खाल्ले तर उन्हाच्या दिवसांत ते छान लागते. वीज गेल्यावर फ्रीज उघडझाक न करता थेट खाण्याच्या वेळीच डबा बाहेर काढावा.

सावकाश

कमी भांड्यांविषयी तुम्ही लिहिले होते, त्याला कोणी हात लावलेला दिसत नाही. वाडगा रिकामा होताच त्यात गार पाणी भरून ठेवावे, कारण फुगलेला स्टार्च वाळला की सरसासारखा चिकटतो आणि न्हाणीघरातील अरुंद मोरीपाशी बसून तो खरवडणे त्रासाचे होते. थर्मासमध्येही गार पाणी घालून झाकण लावून हलवावे, झाकणाची रबरी चकती काढून वेगळी धुवावी. उरलेली लापशी मोरीत ओतू नये, ती आधी कचऱ्यात काढावी. गिलाव्याच्या धुळीबरोबर ती नळीत बसली तर नव्या कामाआधी प्लंबरलाच बोलवावे लागेल.